देवाची निवड आणि माणसाची निवड : तारणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवाचे सार्वभौमत्व, माणसाचे इच्छास्वातंत्र्य आणि तारण यांविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन प्रश्नांच्या हद्दी एकमेकींत शिरतात, तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. देव सर्वसत्ताधीश आहे आणि माणूस जबाबदार आहे, हे तर सगळेच ख्रिस्ती मानतात. मग वाद आहे तरी कशाचा?

देव विश्वाचा अधिपती आहे, माणूस आपल्या कृत्यांना उत्तरदायी आहे आणि तारण हे कृपेचे दान आहे, ही तिन्ही विधाने कॅथॉलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन, कॅल्विनवादी आणि मेथॉडिस्ट अशा सर्वांना मान्य आहेत. वाद एका नेमक्या जागी आहे. शेजारी शेजारी बसून एकच सुवार्ता ऐकणाऱ्या दोघांपैकी एक जण विश्वास ठेवतो आणि दुसरा पाठ फिरवतो, तेव्हा हा फरक मुळात कोठून आला? तो देवाकडून आला असे म्हटले, तर दुसऱ्याला तीच कृपा का मिळाली नाही, हा प्रश्न थेट देवाच्या न्यायाला जाऊन भिडतो. तो माणसाकडून आला असे म्हटले, तर पहिल्याजवळ दुसऱ्यापेक्षा काहीतरी अधिक होते असे मानावे लागते, आणि मग करिंथकरांस पहिल्या पत्रात (४:७) पौल विचारतो तो प्रश्न उभा राहतो : तुला मिळालेले नाही असे तुझ्याजवळ आहे तरी काय? आमच्या मते कोणतीही भूमिका तपासताना ती आपले गूढ कोठे ठेवते, हे आधी पाहावे. गूढ मुळीच शिल्लक न ठेवणारी भूमिका बहुधा काही वचने गुपचूप बाजूला सारूनच उभी राहिलेली असते.

२. पूर्वनियोजनाची कल्पना कॅल्विनने काढली ना?

नाही. देवाने काहींना आगाऊ नेमले, ही भाषा रोमकरांस पत्रात (८:२९-३०) आणि इफिसकरांस पत्रात (१:५, ११) स्पष्टपणे येते, त्यामुळे पूर्वनियोजनाची काही ना काही शिकवण प्रत्येक परंपरेला मांडावीच लागते. मतभेद आहे तो नेमण्याच्या आधाराविषयी. कोण विश्वास ठेवील हे देवाने आधीच पाहिले आणि त्यावरून नेमले, असे पूर्वेकडील बहुतेक प्राचीन धर्मगुरू मानत. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन (३५४-४३०) सुरुवातीला साधारण असेच मानत असे, परंतु इ. स. ३९६ च्या सुमारास रोमकरांस पत्राचा नववा अध्याय पुन्हा अभ्यासताना त्याने मत बदलले आणि खुद्द विश्वास हेच देवाचे दान आहे असे तो म्हणू लागला. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विन त्याच्यानंतर सुमारे अकराशे वर्षांनी आला आणि या बाबतीत आपण ऑगस्टीनचेच ऋणी आहोत असे तो उघडपणे सांगत असे.

तिसरे एक वाचनही आहे. त्यानुसार निवड ही सुट्या व्यक्तींची नसून ख्रिस्ताची, आणि त्याच्याशी जोडल्या गेलेल्या समुदायाची आहे. रिबेकेला सांगितलेल्या भविष्यात याकोब आणि एसाव ही दोन राष्ट्रे आहेत (उत्पत्ती २५:२३), हा या वाचनाचा मोठा आधार. मात्र याकोब आणि एसाव यांचे उदाहरण देणारा पौल रोमकरांस पत्राच्या त्याच नवव्या अध्यायात फारोकडे, म्हणजे एका माणसाकडे वळतो. त्याविषयी प्रश्न ७ पाहावा.

३. पेलागियसचे नेमके काय चुकले असे मंडळीने ठरवले?

आज्ञा दिली आहे त्या अर्थी ती पाळण्याची शक्तीही माणसाच्या स्वभावातच आहे, असे ऑगस्टीनचा समकालीन तपस्वी पेलागियस याचे म्हणणे होते. आदामाने वाईट उदाहरण घालून दिले, माणसाचा स्वभाव बिघडवला नाही, अशी त्याच्या पक्षाची मांडणी होती. ४१८ मध्ये कार्थेजच्या आणि ४३१ मध्ये इफिससच्या परिषदेने ही शिकवण नाकारली. त्यानंतर मधला मार्ग पुढे आला : पहिले पाऊल कधी कधी माणसाचे असू शकते, पुढे कृपा हात देते. जॉन कॅसियनच्या लिखाणात याची चाहूल लागते. ५२९ मध्ये दक्षिण फ्रान्समधील ऑरेंज येथील परिषदेने हाही मार्ग बंद केला आणि विश्वासाची पहिली ओढसुद्धा कृपेनेच निर्माण होते असे ठरवले. पण त्याच परिषदेने, देव कोणाला पापासाठी नेमून ठेवतो असे म्हणणाऱ्यांचाही तितक्याच कडक शब्दांत धिक्कार केला. ऑरेंजचा हा दुसरा अर्धा भाग वादात सोयीस्करपणे विसरला जातो.

४. मग माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे की नाही? एका शब्दात सांगा.

एका शब्दात सांगता येत नाही, कारण स्वातंत्र्याविषयी विचारताना लोकांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी असतात. माझ्यावर कोणी जबरदस्ती करत नाही, मला जे हवे तेच मी करतो, ही पहिली. त्याच क्षणी, त्याच परिस्थितीत मी याच्या उलटही करू शकलो असतो, ही दुसरी. देवावर प्रेम करण्याची आणि चांगले ते निवडण्याची क्षमता माझ्यात आहे, ही तिसरी. पहिल्या अर्थाने माणूस स्वतंत्र आहे हे कट्टर कॅल्विनवादीही मानतो आणि वेस्टमिन्स्टरच्या १६४६ च्या विश्वासपत्रात ते नमूद आहे. दुसऱ्या अर्थावर मतभेद आहेत. तिसऱ्या अर्थाने पतित माणूस स्वतःच्या बळावर स्वतंत्र नाही, असे पश्चिमेकडील बहुतेक परंपरा म्हणतात. पाप करणारा पापाचा दास आहे (योहान ८:३४), हे त्यामागचे वचन.

१५२४ मध्ये डच पंडित इरॅस्मसने आणि १५२५ मध्ये जर्मन धर्मसुधारक लूथरने लिहिलेल्या ग्रंथांत हाच झगडा आहे. इरॅस्मसचा मुद्दा सामान्य वाचकाला लगेच पटणारा आहे : 'जीवन निवडून घे' (अनुवाद ३०:१९) असे देव सांगतो, ते निवडता येत नसेल तर सांगण्यात अर्थ काय? लूथरचे उत्तर असे की आज्ञा आपले कर्तव्य दाखवते, आपली ताकद दाखवत नाही, किंबहुना ताकद नाही हे उमगावे म्हणूनच ती दिलेली आहे. घर, पैसा, खाणेपिणे अशा माणसाच्या ताब्यातल्या गोष्टींत लूथर स्वातंत्र्य नाकारत नाही. देवाशी असलेल्या नात्यात मात्र तो इच्छेला बद्ध मानतो. एवढे तिखट लिहूनही, पोपची सत्ता किंवा पापक्षमापत्रे अशा किरकोळ बाबी सोडून वादाच्या गाभ्याला हात घातल्याबद्दल त्याने इरॅस्मसची स्तुती केली.

५. कॅल्विनवादी आणि आर्मिनियसवादी यांच्यात फरक काय?

हॉलंडमधील धर्मपंडित आर्मिनियस १६०९ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन काढले आणि त्याला उत्तर म्हणून डॉर्ट येथे १६१८-१९ मध्ये महासभा भरली. डॉर्टच्या मते देवाची निवड बिनशर्त आहे, ख्रिस्ताचे मरण सर्वांसाठी पुरेसे असले तरी ते निवडलेल्यांसाठीच परिणामकारक व्हावे असा देवाचा हेतू आहे, आत्म्याचे आंतरिक पाचारण हटकून फळ देते आणि खरे विश्वासी शेवटपर्यंत टिकतात. निवेदनाच्या मते निवड विश्वासाच्या अटीवर आहे, ख्रिस्त सर्वांसाठी मेला आणि कृपेला विरोध करता येतो. इंग्रजी 'ट्युलिप' या फुलाच्या अक्षरांवर बसवलेला पाच मुद्द्यांचा सारांश फार उशिरा प्रचारात आला. त्यावरून डॉर्टचे मत जोखू नये, मूळ ठराव अधिक सावध आहेत.

एक गैरसमज येथे दूर करायला हवा. आर्मिनियसवादी म्हणजे पेलागियसवादी नव्हेत. कृपेवाचून माणूस काहीही खरे चांगले करू शकत नाही, असे त्या निवेदनाच्या तिसऱ्या कलमातच म्हटले आहे. मेथॉडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली याने पुढे 'पूर्वगामी कृपे'ची शिकवण ठळक केली : देव प्रत्येकाला आधीच इतकी कृपा देतो की होकार देणे शक्य व्हावे. त्याचा मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड कॅल्विनवादी होता. १७३९ मधील वेस्लीच्या एका प्रवचनावरून दोघांचे जाहीर बिनसले, तरीही १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारल्यावर लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रवचन वेस्लीनेच केले.

६. उद्या मी काय करणार हे देवाला आजच ठाऊक असेल, तर मी वेगळे काही करूच कसा शकतो?

ठाऊक असणे आणि घडवून आणणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे नेहमीचे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे, कारण देवाचे ज्ञान चुकू शकत नाही. त्यावर चार प्रकारची उत्तरे दिली गेली आहेत.

सहाव्या शतकात तुरुंगात मृत्युदंडाची वाट पाहत असताना बोईथियसने लिहिले की देव काळाच्या ओघात बसून पुढचे पाहत नाही, त्याला सर्व काळ एकदमच वर्तमान असतो. रस्त्याने चालणाऱ्याला मागचे वाटसरू दिसत नाहीत, पण उंचावरून पाहणाऱ्याला सगळा रस्ता एका नजरेत दिसतो, अशा दृष्टान्ताने तेराव्या शतकातील धर्मपंडित थॉमस अक्वायनसने पुढे हाच विचार मांडला.

दुसरे उत्तर स्पॅनिश जेझुइट लुइस दे मोलिना याचे, १५८८ मधले. कोणत्या परिस्थितीत कोणता माणूस स्वेच्छेने काय करील, हेही देव जाणतो आणि त्या ज्ञानाच्या आधारे तो परिस्थिती रचतो. याला शास्त्रातले एक लक्षवेधी उदाहरण आहे. दावीद कईला नगरात असताना विचारतो, शौल येईल काय? येथले लोक मला त्याच्या हाती देतील काय? दोन्ही प्रश्नांना देव 'होय' म्हणतो. दावीद नगर सोडतो आणि शौल येतच नाही (१ शमुवेल २३). जे घडले नाही पण घडले असते, ते देवाला ठाऊक होते. डोमिनिकन पंडितांनी मोलिनाला कडाडून विरोध केला. रोममध्ये वर्षानुवर्षे चौकशी चालली आणि १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी कोणाच्याच बाजूने निकाल न देता ती बंद केली. दोन्ही पक्षांनी आपापले मत शिकवावे, एकमेकांना पाखंडी ठरवू नये, एवढेच सांगितले. तो निकाल आजवर लागलेला नाही.

तिसरे उत्तर कॅल्विनवाद्यांचे : देवाने ठरवले आहे म्हणूनच त्याला ठाऊक आहे, आणि त्या ठरवण्यात माणसाची स्वेच्छाही साधन म्हणून सामावलेली आहे. चौथे उत्तर विसाव्या शतकाच्या शेवटी काही प्रोटेस्टंट विचारवंतांनी मांडले, की स्वतंत्र निवडी अजून झालेल्याच नसल्याने त्यांच्याविषयी निश्चित असे जाणण्याजोगे काही नसते. निनवेविषयी देवाने बेत बदलला (योना ३:१०), हा त्यांचा आधार. आम्हांला हे उत्तर फार महाग वाटते. पेत्र तीन वेळा नाकारील, तेही कोंबडा आरवण्यापूर्वी, हे येशू आगाऊ सांगतो, आणि याचा समाधानकारक उलगडा त्या मांडणीत होत नाही.

७. देवानेच फारोचे मन कठीण केले, मग फारोचा दोष काय?

निर्गमाचे अध्याय क्रमाने वाचले तर चित्र बरेच स्पष्ट होते. बेडकांची पीडा हटल्यावर फारोला उसंत मिळते आणि तो स्वतः आपले मन कठीण करतो (८:१५). गोमाशांच्या पीडेनंतरही तसेच (८:३२). परमेश्वराने त्याचे मन कठीण केले, असे घडलेल्या घटनेच्या स्वरूपात प्रथम सांगितले जाते ते सहाव्या, फोडांच्या पीडेनंतर (९:१२). सातव्या पीडेत गारा थांबताच फारो पुन्हा स्वतः मन कठीण करतो (९:३४), आणि लगेच दहाव्या अध्यायाच्या आरंभी देव म्हणतो, ते मी कठीण केले आहे. एकच कृत्य, दोन कर्ते.

यावरून अनेक जण असा अर्थ लावतात की फारोने जो मार्ग धरला त्यावर देवाने त्याला सोडून दिले. देव चांगल्या मनात दुष्टपणा ओतत नाही, कृपा आवरून घेतो, असे ऑगस्टीन आणि अक्वायनस दोघेही म्हणतात. हा अर्थ बराच पटतो, पण त्याने सगळे प्रश्न मिटतात असे मात्र कोणी सांगू नये, कारण मोशे मिसरात पोहोचण्याआधीच देवाने 'मी त्याचे मन कठीण करीन' असे सांगून ठेवले होते (४:२१). रोमकरांस पत्रातही (९:१८-२१) पौल फारोच्या पूर्वीच्या हट्टाकडे बोट दाखवून सुटका करून घेत नाही. मातीने कुंभाराला जाब विचारावा काय, असे तो उलट विचारतो. दोन अध्यायांनंतर तोच पौल लिहितो की देवाने सर्वांवर दया करावी म्हणून सर्वांना आज्ञाभंगात कोंडून टाकले आहे (११:३२). कुंभाराचा दृष्टान्त त्या वाक्यापर्यंत वाचल्याशिवाय थांबू नये.

८. यहूदा इस्कार्योताला दुसरा पर्याय होता का?

फारोविषयीचे विवेचन (प्रश्न ७) येथेही बहुतांशी लागू पडते. मनुष्याचा पुत्र शास्त्रलेखाप्रमाणे जातो खरा, पण जो त्याला धरून देतो त्याची केवढी दुर्दशा, असे येशू एकाच दमात म्हणतो (मार्क १४:२१). ठरलेले असणे हे तेथे यहूदाच्या बचावाचे कारण मानलेले नाही. योसेफाच्या भावांविषयीचे वचनही (उत्पत्ती ५०:२०) याच धाटणीचे आहे : त्यांनी वाईट योजले आणि देवाने तेच चांगल्यासाठी योजले.

९. सर्वांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे (१ तीमथ्य २:४). मग ते होत का नाही?

ऑगस्टीन आणि कॅल्विन 'सर्व' म्हणजे सर्व प्रकारची माणसे असा अर्थ घेतात. आधीच्याच वचनांत राजे आणि अधिकारी यांचा उल्लेख असल्याने तो ओढूनताणून आणलेला नाही, परंतु २ पेत्र ३:९ आणि यहेज्केल ३३:११ या वचनांपुढे तो अपुरा पडतो. आठव्या शतकात दमास्कसच्या योहानाने वेगळी वाट दाखवली : देवाची मूळ इच्छा सर्वांच्या तारणाची आहे, पण माणसाचा नकार लक्षात घेऊन त्याची नंतरची इच्छा न्यायाची होते. अक्वायनसनेही हा भेद स्वीकारला. कॅल्विनवादी देवाची प्रकट इच्छा आणि त्याचा गुप्त संकल्प असा भेद करतात.

अखेर सर्वांचेच तारण होईल, असे ओरिजेनचे विचार सुचवतात आणि निस्साच्या ग्रेगरीलाही तशी आशा होती. सहाव्या शतकात ओरिजेनच्या नावावरील या शिकवणीचा निषेध झाला. विसाव्या शतकात स्विस धर्मपंडित कार्ल बार्थने प्रश्नाची मांडणीच बदलली : निवडलेला आणि नाकारलेला, दोन्ही ख्रिस्तच आहे. यावरून सर्वांचे तारण निश्चित ठरते का, हे सांगण्याचे त्याने टाळले.

१०. कोण तरणार हे ठरलेलेच असेल, तर प्रार्थना कशाला आणि सुवार्ता कशाला सांगायची?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७, सावकाश वाचावा. पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारे तारू वादळात सापडते. तारवावर २७६ माणसे आहेत. देवदूत पौलाला सांगतो की एकाचाही जीव जाणार नाही, आणि पौल ते सर्वांना जाहीर करतो. पुढे काही खलाशी नाळीकडून नांगर टाकण्याचे निमित्त करून होडी खाली सोडतात आणि पळून जाऊ पाहतात. तेव्हा तोच पौल शताधिपतीला बजावतो की ही माणसे तारवात राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. शेवटी कोणी पोहत, कोणी फळ्यांच्या आधाराने, सगळे किनाऱ्याला लागतात. वचन पक्के होते आणि इशाराही खरा होता. शेवट ठरवणारा देव शेवटाकडे नेणारी साधनेही ठरवतो, आणि उपदेश, प्रार्थना, कापलेले दोर ही ती साधने, असे पूर्वनियोजनवादी म्हणतात.

पौलाच्या वागण्यातही हेच दिसते. या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत, असे प्रभूने करिंथात त्याला सांगितले, आणि ते ऐकून तो निवांत न बसता दीड वर्ष तेथे शिकवत राहिला (प्रे. कृत्ये १८:९-११).

११. म्हणजे हे नशीबच झाले ना?

नाही. नशीब आंधळे असते आणि काहीही केले तरी तेच होणार असे म्हणते. येथे ठरवणारा एक व्यक्तिस्वरूप देव आहे आणि माणूस जे करतो त्याच्याद्वारेच परिणाम घडतो (प्रश्न १०). हा भेद व्यवहारात पुष्कळदा पुसला जातो आणि आळसाला किंवा अन्यायाला 'देवाची इच्छा' हे नाव मिळते, ही तक्रार मात्र रास्त आहे.

१२. कॅथॉलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या कोठे उभ्या आहेत?

कॅथॉलिक मंडळीच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये ठरवले की आरंभ कृपेचाच असतो, पण देवाने जागवलेली इच्छा त्याला संमती देते आणि ती संमती नाकारूही शकते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथॉलिक आणि लूथरन मंडळ्यांनी नीतिमान ठरवले जाण्याविषयी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, ज्याला २००६ मध्ये मेथॉडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड (कॅल्विनवादी परंपरेच्या) मंडळ्यांच्या जागतिक संघटना जोडल्या गेल्या. इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही, पण जुने बहिष्कार आजच्या शिकवणीला लागू होत नाहीत हे मान्य झाले.

ऑर्थोडॉक्स परंपरा कृपा आणि माणूस यांच्या सहकार्याची भाषा बोलते. १६२९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क (ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख) सिरिल लुकारिस याच्या नावाने कॅल्विनवादी वळणाचे विश्वासपत्र प्रसिद्ध झाले, तेव्हा पूर्वेत खळबळ उडाली. १६७२ च्या जेरुसलेम परिषदेने बिनशर्त पूर्वनियोजन ठामपणे नाकारले.

१३. एकदा मिळालेले तारण गमावता येते का? आणि मी निवडलेला आहे हे मला कसे कळावे?

हे दोन्ही प्रश्न बहुतेक एकाच पत्रात येतात. माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावणार नाही (योहान १०:२८), यावर कॅल्विनवादी उभे राहतात. प्रकाश मिळाल्यावर जे पतन पावले त्यांच्याविषयीचा इशारा (इब्री ६:४-६) इतर परंपरा शब्दशः घेतात. कॅथॉलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन आणि वेस्लीचे अनुयायी तारण गमावता येते असे मानतात. १६१० च्या निवेदनाने मात्र हा मुद्दा अधिक अभ्यासासाठी खुला ठेवला होता. विश्वास सोडून गेलेल्यांविषयी 'ते आपल्यातले नव्हतेच' (१ योहान २:१९) हे कॅल्विनवादी उत्तर तर्काला धरून आहे, पण त्यातून एक नवी भीती जन्मते : मग मी तरी खरा विश्वासी कशावरून?

ट्रेंटच्या मते विशेष प्रकटीकरणावाचून कोणालाही अशी पूर्ण खात्री असू शकत नाही, आशा मात्र बाळगावी. लूथर भयभीतांना सांगे की देवाच्या गुप्त संकल्पात डोकावू नका, क्रूसावरच्या ख्रिस्ताकडे आणि आपल्या बाप्तिस्म्याकडे पाहा. कॅल्विनही ख्रिस्ताला आपल्या निवडीचा आरसा म्हणतो. या एका बाबतीत दोघांचा सल्ला जवळपास सारखा आहे. रात्र रात्र हा प्रश्न छळत असेल तर आपल्या पाळकांशी बोलावे, लेखी उत्तराने असे भय सहसा जात नाही.

१४. अर्भकपणी वारलेली मुले आणि सुवार्ता कधीच न ऐकलेले लोक यांचे काय?

बाप्तिस्म्यावाचून वारलेल्या अर्भकांना सौम्य का होईना पण दंड आहे, असे ऑगस्टीन म्हणत असे. आज फार थोडे जण ते मानतात. विश्वासी पालकांनी आपल्या वारलेल्या मुलांच्या निवडीविषयी शंका घेऊ नये, असे डॉर्टने लिहिले. कॅथॉलिक मंडळीच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविज्ञान आयोगाने २००७ मध्ये अशा मुलांविषयी आशा बाळगण्यास सबळ आधार असल्याचे म्हटले. स्वतःचा दोष नसताना सुवार्ता न पोहोचलेल्या, पण प्रामाणिकपणे देवाला शोधणाऱ्या लोकांचे तारण होऊ शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये शिकवले. बरेच प्रोटेस्टंट हे मान्य करत नाहीत. त्यांच्यापैकी काही जण मोलिनाच्या मांडणीचा (प्रश्न ६) येथे उपयोग करतात.

१५. स्वर्गात पाप करण्याचे स्वातंत्र्य असेल का? नसेल, तर तेथे आपण यंत्रे होऊ का?

प्रेम खरे असायचे तर नकाराची मुभा हवी, या लोकप्रिय युक्तिवादाला सर्वांत जड जाणारा प्रश्न हाच आहे. ऑगस्टीनच्या मते आदामाला पाप न करणे शक्य होते, तर गौरवलेल्या संतांना पाप करणेच अशक्य होईल, आणि हे दुसरे स्वातंत्र्य पहिल्यापेक्षा मोठे आहे. देव स्वतः पाप करू शकत नाही, तरी त्याला कोणी परतंत्र म्हणत नाही. पण मग देवाने माणसाला आरंभीच तसे का घडवले नाही?

इच्छास्वातंत्र्यवाद्यांचे उत्तर असे की तेथील स्थिरता ही येथे स्वेच्छेने केलेल्या निवडींचे पक्व फळ आहे, ती आयती दिली असती तर आपली झाली नसती. दुसऱ्या शतकातील इरेनियसच्या लिखाणात याच्या जवळचा विचार सापडतो : माणूस बालकासारखा निर्माण झाला आणि पूर्णत्वाला त्याने वाढत वाढत पोहोचायचे होते. हे उत्तर बरेच काही उलगडते. मात्र निवड करण्याइतके आयुष्यच न मिळालेल्या अर्भकांना (प्रश्न १४) ती स्थिरता कशी लाभते, हे त्याला वेगळे सांगावे लागते, आणि तेथे हे उत्तर देणारेही कृपेच्या थेट दानाकडेच वळतात.